घरबसल्या नवरोज

पूर्वी नकाशावर बोट फिरवून जगप्रवास करणारी माणसे असत. हल्ली तेच बोट काचेवर फिरते, एवढाच काय तो फरक. जगातले वसंतोत्सव शोधायला बसले की अर्ध्या तासात माणूस जपानच्या चेरीखालून निघून स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या होळ्यांपाशी पोहोचतो. पण अशी धावती यात्रा आमच्या पिंडाला मानवत नाही. तेव्हा यंदा आम्ही एकाच मुक्कामी उतरलो : इराण.

इराणी नववर्ष, म्हणजे नवरोज, घड्याळाच्या बाराच्या ठोक्याला लागत नाही. वसंतसंपाताचा नेमका क्षण तोच वर्षारंभ, आणि तो दर साली सुमारे ५ तास ४९ मिनिटांनी पुढे सरकतो. २०२३ साली तेहरानात रात्रीचे बारा वाजून ५४ मिनिटे झाली होती, तर २०२५ साली दुपारचे साडेबारा. म्हणजे एखाद्या वर्षी पोराबाळांना झोपेतून उठवून नवे कपडे घालायचे! १०७९ साली सुलतान मलिकशाहाच्या काळात ही कालगणना नीट बसवली गेली. ती बसवणाऱ्या ज्योतिर्विदांत उमर खय्याम होता. माधव जूलियनांमुळे आपल्या ओळखीचा झालेला खय्याम रुबायांचा. गणित करणारा खय्याम आपल्याकडे उपराच राहिला.

त्या क्षणी सारे घर ‘हफ्त-सीन’भोवती बसते. ‘स’ने सुरू होणाऱ्या सात वस्तू : सब्जे म्हणजे ताटलीत उगवलेले गव्हांकुर, मोड आलेल्या गव्हाचे गोड समनू, सेंजेद नावाचे सुके फळ, सीर म्हणजे लसूण, सीब म्हणजे सफरचंद, आंबट सुमाक आणि सिरका. शेजारी आरसा, मेणबत्त्या आणि बहुतेक घरी हाफिजचा दिवान. आपल्या पाडव्याला कडुनिंब, त्यांच्याकडे लसूण नि सिरका. वर्षाची सुरुवात नुसत्या गोडावर करू नये, हे दोन्हीकडच्या आजीबाईंना ठाऊक असावे.

आता मौज पाहा. कुठलेही चटपटीत पान उघडा, ही मांडणी हजारो वर्षांची असल्याचे ठासून सांगेल. पूर्वी ‘स’ नव्हे, ‘श’ होता, त्यात शराब होती, असेही वर ऐकवील. मग एहसान यारशातर ह्यांनी कोलंबिया विद्यापीठात उभारलेला इराणविषयक विश्वकोश उघडावा. तोही घरबसल्या वाचता येतो. ‘शराब’ शब्दच मुळी अरबी. इस्लामपूर्व इराणच्या मेजावर तो कुठून येणार? आणि जुन्या ग्रंथांत ह्या सात ‘स’कारांचा पुरावा फारसा सापडत नाही.

पर्सेपोलिसच्या जिन्याचेही तसेच. तेथे कोरलेली २३ शिष्टमंडळे नवरोजचे नजराणे नेत आहेत, असे सर्रास सांगतात. तेथल्या एकाही शिलालेखात नवरोजचे नाव नाही. पण ह्या खोदकामाची चित्रे जरूर पाहावीत. अभ्यासक ज्याला हिंदचा मानतात, तो अनवाणी माणूस खांद्यावर चक्क कावड घेऊन चालला आहे! अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा आपला भाऊबंद पाहिल्यावर नवरोजचा दाखला हुकल्याची हळहळ आम्हांला तरी उरली नाही. शाळेच्या प्रकल्पासाठी मुले माहिती उतरवून घेतात, त्यांना एवढेच विचारावे : हे कशावरून? जे पान ह्याचे उत्तर देते, ते घ्यावे.

वर्ष संपण्याआधीच्या शेवटच्या मंगळवारी संध्याकाळी गल्लोगल्ली शेकोट्या पेटतात. लोक त्यांवरून उड्या मारतात, आपला फिकेपणा अग्नीला देतात आणि त्याची लाली मागून घेतात. १९७९ च्या क्रांतीनंतर धर्मगुरूंनी नाके मुरडली, तरी उड्या चालूच राहिल्या.

आणि तेराव्या दिवशी कोणी घरात थांबत नाही. डबे, सतरंज्या, चहाचे सामान घेऊन माणसे बागेत, नदीकाठी, रस्त्याकडेच्या हिरवळीवर जाऊन बसतात. ताटलीतले गव्हांकुर वाहत्या पाण्यात सोडतात. त्याआधी लग्नाच्या मुली हिरव्या पात्यांना गाठी मारून घेतात. गाठ मारताना काय मागितले, ते मात्र कोणी मोठ्याने सांगत नाही.