ताईच्या गाडीची वार्षिक परीक्षा

विमा या विषयावर कॉलेजच्या मासिकात सहसा कोणी लिहीत नाही. मराठी विभागात पहिला पाऊस येतो, आई येते, 'हॉस्टेलची शेवटची रात्र' तर दरवर्षी न चुकता येते. तरी मी विम्यावरच लिहिणार आहे, कारण गेल्या सेमिस्टरला सबमिशनच्या ऐन धामधुमीत मी या एका प्रश्नावर दोन रात्री घातल्या. रूम पार्टनरला वाटलं, पोरगं अखेर अभ्यासाला लागलं!

ताई म्हणजे माझी मावसबहीण. इंग्लंडात लेस्टरला नर्स आहे. माझ्या फीचा निम्मा वाटा तीच उचलते, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा हिशोब त्याला लागून आहे. तिच्याकडे २०१३ सालची सेकंडहँड गाडी आहे. नाइट ड्युटी संपवून पहाटे घरी यायचं तर बस नाही, म्हणून गाडी. सप्टेंबरात तिचा मेसेज आला, "तू मेकॅनिकलला आहेस ना? मग सांग, हे घेऊ का?" सोबत एका कंपनीच्या पॉलिसीची पंधरा पानं. महिन्याला ९ पौंड भरायचे आणि गाडी एमओटीत नापास झाली तर दुरुस्तीचा खर्च कंपनी देणार.

आता एमओटी म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगतो. आपल्याकडे खासगी गाडीला पंधरा वर्षं पीयूसी सोडून कोणी काही विचारत नाही. फिटनेसची भानगड रिक्षा-टेम्पोवाल्यांची. तिकडे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी परीक्षा. १९६० साली वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांच्या काळात ही सुरू झाली. तेव्हा दहा वर्षांच्या जुन्या गाड्यांचे फक्त ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग बघायचे. पुढच्याच वर्षी दहाची सात वर्षं झाली आणि १९६७ साली तीन. एमओटी म्हणजे मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट. त्या नावाचं खातं आता उरलेलं नाही, परीक्षेला मात्र नाव तेच चिकटलंय.

मे २०१८ पासून निकालात दोषांच्या तीन पायऱ्या असतात. 'डेंजरस' म्हणजे गाडी रस्त्यावर आणायचीच नाही, थोडक्यात डिबार. 'मेजर' म्हणजे नापास. 'मायनर' म्हणजे ग्रेस देऊन पास. याशिवाय 'अ‍ॅडव्हायजरी' नावाचा शेरा असतो. व्हायव्हाला एक्स्टर्नल म्हणतात ना, "सोडतोय, पण पुढच्या वेळी हेच विचारीन", अगदी तसा. ब्रेक, टायर, सस्पेन्शन, दिवे, सीटबेल्ट, वायपर, धूर, गंज हे सगळं सिलॅबसमध्ये. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची आतली अवस्था मात्र सिलॅबसबाहेर. म्हणजे मोठ्ठा खर्च आणणारे तीन महारथी परीक्षेला बसतच नाहीत! हे वाचलं तेव्हाच माझा पहिला कान टवकारला. या विम्याला गाडीच्या सगळ्या दुखण्यांचा विमा समजून कोणी पैसे भरत असेल तर तो भलत्याच खिडकीवर उभा आहे.

तिकडची एक गोष्ट मला फार आवडली. गाडीचा नंबर टाकला की तिच्या परीक्षांचा सगळा इतिहास सरकार फुकट दाखवतं. कधी नापास, कशात नापास, किलोमीटर (तिकडे मैल) किती, सगळं. आपली मार्कशीट अशी कोणीही बघू शकलं असतं तर अर्ध्या हॉस्टेलने गाव सोडलं असतं. ताईच्या गाडीचे २०१६ ते २०२५ असे दहा निकाल मी वहीत उतरवले. सात वेळा पास, तीनदा नापास. २०१९ ला पुढचा टायर आणि नंबरप्लेटचा दिवा. २०२१ ला सस्पेन्शनची कॉइल स्प्रिंग तुटलेली. २०२४ ला परत टायर, शिवाय वायपर.

मग पॉलिसीची पंधरा पानं घेऊन बसलो. काय देणार ते दीड पानात होतं, काय नाही देणार ते सहा पानांत. टायर नाही. झिजलेले ब्रेक पॅड आणि डिस्क नाहीत. वायपरचं रबर नाही, गंज नाही. पहिले तीस दिवस क्लेम नाही. कंपनीची परवानगी येण्याआधी मेकॅनिकने पाना लावला तर काहीच नाही. आणि सगळ्यात गोड अट म्हणजे आधीच्या परीक्षेत ज्यावर अ‍ॅडव्हायजरी आली होती आणि जे दुरुस्त केलं नाही, ते नाही. ताईच्या २०२५ च्या निकालात दोन अ‍ॅडव्हायजरी होत्या. मागचा डावा टायर मर्यादेच्या जवळ आलेला आणि पुढच्या ब्रेक डिस्क झिजलेल्या. म्हणजे यंदा गाडी बहुधा ज्यात गचकणार, नेमकं तेच वगळलेलं.

यात कंपनी चोर आहे असं मी म्हणत नाही. विमा अनिश्चित गोष्टीचा असतो. टायर झिजणार हे काही अनिश्चित नाही, गॅदरिंगनंतर परीक्षा येणार इतकं ते निश्चित आहे. शिवाय आपल्या गाडीचा आवाज कसा येतो हे मालकाला माहीत, कंपनीला नाही. खडखडणाऱ्या गाडीचा मालक पॉलिसीकडे धावत येणार आणि ठणठणीत गाडीवाला म्हणणार, कशाला? जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली सेकंडहँड गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीची खरी हालत माहीत आणि घेणाऱ्याला नाही, तर चांगल्या गाड्या बाजारातून कशा निघून जातात, हे त्यात दाखवलंय. २००१ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. इथे तेच, फक्त उलट्या बाजूने. कंपनीने एवढ्या अटी घातल्या नाहीत तर तिच्याकडे फक्त खटारे जमतील.

तर हिशोब. दहा निकालांपैकी पॉलिसीत बसणारा दोष एकच, २०२१ ची स्प्रिंग. तेच काम आज करायचं तर किती, असं ताईने तिच्या मेकॅनिकला विचारलं. १३० पौंड म्हणाला. आजच्या दराने दहा वर्षांचा हप्ता होतो १०८० पौंड. हातात येणार १३०. कोणी म्हणेल, जुनी गाडी जास्त बिघडते. बरोबर आहे, मशीन डिझाइनला आपण तो बाथटबसारखा कर्व्ह काढलाय, शेवटी वर जाणारा. म्हणून मी खर्चाला चारने गुणलं. तरी ५२० च. (एका गाडीवरून नियम काढू नये हे मला माहीत आहे. स्टॅटिस्टिक्सच्या मॅडमनी कृपया हा परिच्छेद गाळावा.)

हे सगळं टाईप करून मी मोठ्या तोऱ्यात पाठवलं. ताईचा फोन आला.

"तुझं गणित बरोबर आहे रे. पण मला सरासरी नको आहे. मार्चमध्ये घरभाडं, तुझी फी आणि गाडीचं बिल एकाच आठवड्यात आलं तर काय करू ते सांग. दहा वर्षांची सरासरी घेऊन मी त्या आठवड्यात कामावर कशी जाऊ?"

माझ्या कोष्टकात हा आठवडा नव्हताच. एकशे आठ पौंड म्हणजे आपल्या अकरा-बारा हजार रुपयांना सहज जातात, मेसची काही महिन्यांची बिलं. मी ती 'वाचवत' होतो. ती झोप वाचवायला बघत होती. आणि विमा असतो तो खरं म्हणजे त्यासाठीच. ज्या खर्चाने माणूस आडवा होईल त्याच्यासाठी. मग प्रश्न असा उरला, की ही पॉलिसी तो आठवडा तरी सांभाळते का? तिला भीती होती टायर आणि ब्रेकची. तेच वगळलेलं. म्हणजे हप्ता भरूनही झोप लागायची नाही ती नाहीच.

मग आम्ही दोघांनी फोनवर दुसरा मार्ग काढला. ९ पौंड दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकायचे. आणि परीक्षा लवकर द्यायची. मुदत संपण्याच्या एक महिना आधीपर्यंत (काटेकोर बोलायचं तर एक दिवस कमी) टेस्ट करून घेतली तरी पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते. समजा नापास झाली आणि दोष डेंजरस नसेल, तर जुनं सर्टिफिकेट संपेपर्यंत गाडी घरी नेता येते. मग चार ठिकाणी भाव विचारा, पगार होऊ द्या. दुरुस्तीसाठी गाडी तिथेच सोडली तर दहा कामकाजाच्या दिवसांत अर्धवट फेरतपासणी फुकट असते. काही नगरपालिकांची स्वतःची टेस्ट सेंटर आहेत, ती दुरुस्ती करतच नाहीत. त्यामुळे उगाच दोष काढण्यात त्यांना काही रस नाही. बल्ब, वायपर, नंबरप्लेट हे तर दारात उभं राहून बघता येतं. टायरची खोली निदान १.६ मिलिमीटर लागते. त्यासाठी २० पेन्सचं नाणं खाचेत उभं घालायचं, नाण्याची बाहेरची कड दिसली तर टायर दाखवून घ्यायचा. आमच्या लॅबमधल्या व्हर्निअरपेक्षा हे नाणं जास्त भरवशाचं असावं.

या योजनेत एक भोक आहे आणि ते ताईनेच दाखवलं. दुसऱ्या महिन्यात खात्यात फक्त १८ पौंड असतील. तेव्हा काही तुटलं तर? ज्याच्या गाठीला काहीच नाही आणि ज्याच्या गाडीवर एकही अ‍ॅडव्हायजरी नाही, अशा माणसाने वर्षभर ही पॉलिसी घेतली तर मी त्याला हसणार नाही. ताईच्या बाबतीत मी म्हटलं, मला सुट्टीतल्या ट्रेनिंगचा स्टायपेंड मिळालाय, तो तसाच पडून आहे. पहिल्या वर्षापुरता मी तुझा विमा. ती खूप हसली. मग म्हणाली, "अटी किती पानांच्या?"

पॉलिसी घेतली नाही. मागचा डावा टायर तिने दिवाळीतच बदलून टाकला, पगारातून. ब्रेक डिस्क अजून बाकी आहेत. टेस्ट मार्चमध्ये आहे आणि खात्यात आजच्या तारखेला ५४ पौंड जमलेत. टेस्टची कमाल फी ५४ पौंड ८५ पेन्स.