खाऊ घालणारा हात

रस्त्यावरचा कुत्रा घरी आणला की येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला एक भूतकाळ देऊन जातो. आमच्या घरी आता राहणारा कुत्रा अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीच्या संत्र्याच्या मंडीतला. मागच्या पायावर भरून आलेली जुनी जखम आहे, एका कानाची कड फाटलेली आहे आणि अंगणात खराटा उचलला की तो बाजेखाली जाऊन बसतो. एवढ्या तीन खुणांवरून शेजारीपाजारी, नातेवाईक आणि सुरुवातीला मीसुद्धा एकच कथा रचली: याला कुणीतरी फार मारलं असावं. त्या मारणाऱ्याचा चेहरासुद्धा आम्ही मनातल्या मनात तयार केला होता. पुढे या विषयावर जे वाचलं, पशुवैद्यकांकडून जे ऐकलं आणि रोज डोळ्यांसमोर जे दिसतं आहे, त्यावरून ही कथा पुराव्याला धरून नाही असं माझं मत झालं आहे. ज्याचा भूतकाळ कुणालाच ठाऊक नाही अशा कुत्र्याविषयी खात्रीने बोलता येण्यासारखं फार थोडं असतं. पण जे आहे ते भलत्याच दिशेला बोट दाखवतं. हा पिल्लू असताना कुणीतरी त्याला जवळ घेतलं होतं आणि मोठा होईपर्यंत कुणीतरी त्याला खाऊ घातलं होतं.

आधी खराट्याचं पाहू, कारण मारल्याचा सगळ्यांत मोठा पुरावा म्हणून तोच पुढे केला जातो. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एका प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या वाढीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९६५ साली तो ग्रंथरूपाने मांडला. पिल्लाच्या आयुष्यातले साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचे दिवस फार नाजूक असतात, हा त्यातला मुख्य निष्कर्ष. या दिवसांत जे पाहिलं, हुंगलं, अंगावर घेतलं ते त्याच्या जगात सामावतं; जे समोर आलंच नाही त्याची पुढे धास्ती वाटते. त्याच प्रयोगशाळेत त्याआधी, १९६१ साली, काही पिल्लं माणसाचा स्पर्शही होऊ न देता कुंपणाआड वाढवली होती. चौदा आठवड्यांपर्यंत तशी राहिलेली पिल्लं नंतर माणसाला सरावली नाहीत. त्यांना कुणी बोटही लावलं नव्हतं, तरी ती माणसाला भ्यायची. म्हणजे भीती दिसली की मार असलाच पाहिजे, हा हिशेब चुकतो. मंडीत क्रेट असतात, ट्रक असतात, हमाल असतात. पण तिथे घरातला खराटा कुत्र्याच्या पाठीजवळून रोज फिरत नाही. शिवाय गोटा उगारला की पळायचं, हे गावातला प्रत्येक कुत्रा दुसऱ्या कुत्र्याचं पाहूनही शिकतो. आमच्या कुत्र्याला कधीच कुणी मारलं नसेल, असं मी म्हणत नाही. खराट्याच्या भीतीवरून ते ठरवता येत नाही, एवढंच म्हणतो.

याच अभ्यासाची दुसरी बाजू मात्र सहसा कुणी मांडत नाही. चौदा आठवडे माणसाशिवाय गेले तर कुत्रा माणसाचा होत नाही. मग जो मोठा कुत्रा अनोळखी माणसाच्या हाताखाली मान देतो, पोट वर करून पडतो, पोळीचा तुकडा बोटांना दात न लावता अलगद घेतो, त्याचे ते पहिले आठवडे माणसांतच गेलेले असणार. हे त्याला उकिरड्याने शिकवलेलं नाही. उकिरडा पोट भरतो, पण हाक मारली की कान टवकारून पाहायला शिकवत नाही.

कोलकात्याजवळ मोहनपूरला ‘आयसर’ ही विज्ञानसंस्था आहे. तिथे अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी आपल्या रस्त्यांवरच्या कुत्र्यांचाच अभ्यास करतात. परदेशी प्रयोगशाळेतल्या पाळीव कुत्र्यांवरून आपल्या गल्लीतल्या कुत्र्याविषयी अंदाज बांधण्यापेक्षा हे काम मला जास्त मोलाचं वाटतं. त्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात ९५ वेतांतल्या ३६४ पिल्लांची नोंद आहे. त्यांतली जेमतेम १९ टक्के वयात येईपर्यंत जगली. आमच्या कुत्र्याच्या भूतकाळाचा अंदाज बांधताना मी ज्यांच्याकडे पाहतो, ते हेच आकडे आहेत. त्याच्या वेतातली बहुतेक भावंडं गेली असतील. तो उरला. उरण्यासाठी आईचं दूध सुटल्यानंतरच्या दिवसांत त्याच्या पोटात काहीतरी पडत राहायला हवं होतं, आणि गावात ते माणसाच्याच हातून किंवा माणसाच्याच दारातून पडतं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात असं दिसलं की कुत्री विण्यासाठी जागा शोधते तीही माणसांच्या वावरापासून दूर नव्हे, तर जवळ. नंतरच्या, २०१७ सालच्या प्रयोगात तर याहून विलक्षण गोष्ट समोर आली. अनोळखी माणूस पुन्हा पुन्हा भेटत राहिला तर रस्त्यावरच्या कुत्र्यांचा विश्वास खाण्यापेक्षा डोक्यावरून फिरलेल्या हाताने अधिक बसला. ज्या जिवाने माणसाकडून फक्त मारच खाल्ला, त्याला असा हात हवासा वाटला नसता.

यावर कुणी मला त्या ३६४ पिल्लांच्या अभ्यासातलाच दुसरा आकडा दाखवील, आणि तो दाखवायलाच हवा. मेलेल्या पिल्लांपैकी ६३ टक्के पिल्लांच्या मृत्यूला या ना त्या प्रकारे माणूस कारण होता. गाडीखाली येणं, विष, मार, उचलून नेणं हे सगळं त्यात आलं. हा आकडा मी लहान करू पाहत नाही. तो मला नीट झोपू देत नाही. पण तो मेलेल्यांविषयी सांगतो. प्रश्न जिवंत राहिलेल्याच्या भूतकाळाचा आहे, आणि तो शोधताना त्याच्या वाट्याला न आलेला मृत्यूच आपण त्याची कहाणी म्हणून सांगतो. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. कुत्रा कचऱ्यावर जगला असेल, त्यात दया कुठून आली? अमरावती रस्त्यावरच्या ढाब्यांमागे, आठवडी बाजार उठल्यावर, महाशिवरात्रीला सालबर्डीच्या यात्रेत, सिंभोऱ्याच्या धरणावर सहली येऊन गेल्यावर, सगळीकडे कुत्र्याला पुरेल एवढं टाकलेलं असतं. हे मी मान्य करतो. जगण्याचा अर्धा भाग टाकलेल्या अन्नावर गेला असेल. पण मोर्शी-वरुडच्या पट्ट्यात कुत्रा कोणाकोणाच्या आधाराने राहतो, हेही पाहायला हवं. संत्र्याच्या बागेत आणि तुरीच्या वावरात रानडुकरं, रोही शिरतात म्हणून रात्रभर जागल करावी लागते, आणि जागल्याच्या शेकोटीजवळ एखादा कुत्रा असतोच. जागल्याच्या डब्यातली भाकर दोघांत वाटली जाते. आंबिया बहाराचा माल निघाला की मंडीत प्रतवारी करणारे, क्रेट भरणारे, ट्रकवाले येतात, काही आठवडे तिथेच रांधतात आणि पांगतात. मेळघाटातून कामाला येणारी कोरकू कुटुंबं, गाई घेऊन फिरणारे काठेवाडी, वीटभट्टीवरचे मजूर, यांच्यासोबतही कुत्रे येतात आणि कधी मागे राहतात. ही सगळी माणसं कुत्रा ‘पाळत’ नाहीत. त्यांच्याकडे पट्टा नसतो, लसीचं कार्ड नसतं. म्हणून त्यांचं खाऊ घालणं आपल्या हिशेबात येत नाही, आणि कुत्रा मिळाला की आपण त्याला बेवारस म्हणतो.

रिकाम्या जागी कथा भरण्याची आपली सवय केवढी खोल आहे, हे रायगडावर दिसतं. शिवरायांच्या समाधीजवळ वाघ्या कुत्र्याचं स्मारक आहे. ते १९३६ साली उभं राहिलं आणि त्यासाठी इंदूरच्या होळकरांनी पैसा दिला. मालकाच्या चितेत उडी घेतलेल्या इमानी कुत्र्याची ही कथा गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ नाटकाने घरोघर पोहोचवली. शिवकालीन साधनांत या कुत्र्याचा उल्लेख मिळत नाही, असं इतिहासाचे अभ्यासक सांगतात. २०१२ साली हा पुतळा काढला गेला, पुन्हा बसवला गेला, २०२५ मध्ये वाद पुन्हा पेटला. त्या वादात मला शिरायचं नाही. पण कुत्र्याच्या भूतकाळाबद्दल आपण किती आतून बोलतो, हे त्यावरून कळतं. याच्या अगदी उलट उदाहरण मला रतन टाटांच्या कुत्र्याचं वाटतं. गोव्यात एका सहकाऱ्याच्या गाडीत शिरलेलं बेवारस पिल्लू मुंबईत बॉम्बे हाउसला आलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘गोवा’. जेवढं ठाऊक होतं तेवढंच नावात आलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये टाटांच्या अंत्यदर्शनाला त्या कुत्र्याला आणलं होतं, तेव्हा लाखो लोकांनी त्याला पाहिलं. तो कुठून आला हे त्याच्या नावातच होतं, आणि त्यापुढची कथा कुणी जोडली नव्हती.

भूतकाळ असा मानला काय आणि तसा मानला काय, कुत्र्याला काय फरक पडतो, असं मला विचारतात. फार पडतो. ‘बिचारा मार खाल्लेला आहे’ हे एकदा ठरलं की घरातले त्याला काही शिकवत नाहीत. खराटा उचलला की त्याला जवळ घेतात, पाहुणे आले की आत कोंडतात, आणि त्याची भीती वर्षभर जपून ठेवतात. ओळख नव्हती म्हणून तो भितो असं मानलं, तर खराटा अंगणात नुसता पडून राहू देणं, त्याच्याजवळ भाकर ठेवणं, रोज थोडं अंतर कमी करणं, हे सुचतं. दुसरीकडे, आरोग्याच्या बाबतीत मात्र चांगल्या भूतकाळावर विश्वास टाकता येत नाही. रेबीजचा विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणं दिसायला साधारण दोन-तीन महिने लागू शकतात, कधी त्याहून जास्त, आणि लक्षणं दिसली की इलाज उरत नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात पशुवैद्यक, लस, जंत आणि गोचिडांची तपासणी, आणि घरातल्या लहान मुलांना त्याच्या तोंडापाशी न जाऊ देणं, हे करावंच लागतं. कुणीतरी प्रेमाने भाकर घातली म्हणून लसही टोचली असेल, असा अर्थ निघत नाही. आमच्या कुत्र्याच्या कानाची कड फाटलेली आहे, पण ती भांडणातली असावी. नसबंदी केलेल्या कुत्र्याच्या कानाला मुद्दाम खाच पाडतात, ती वेगळी ओळखू येते.

आणि ज्याला चावा बसला आहे, ज्याचं मूल दवाखान्यात इंजेक्शनांच्या रांगेत बसलं आहे, त्याच्यासमोर खाऊ घालणाऱ्या हाताचं कौतुक करणं सोपं नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात मोकाट कुत्रे दीड कोटीहून जास्त मोजले गेले, महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातले कुत्रे निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला आणि अकरा दिवसांनी तो बदलून, पिसाळलेले व आक्रमक कुत्रे वगळता बाकीचे नसबंदी आणि लस करून मूळ जागी सोडावेत, असं सांगितलं. त्यावर लोक दोन बाजूंना उभे राहिले: कुत्र्यांना खाऊ घालणारे एकीकडे, चावा बसलेले दुसरीकडे. मला वाटतं, या वादात खाऊ घालणाऱ्याला गुन्हेगार ठरवून आपण हाताशी असलेला माणूस गमावतो. लस टोचायला कुत्रा धरावा लागतो, आणि तो कुणाच्या हाकेला येतो हे खाऊ घालणाऱ्यालाच ठाऊक असतं. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत खाऊ घालण्याच्या जागा ठरवून देण्याची तरतूद आहे. मोर्शीसारख्या गावात ती कागदावरून उतरवायची तर मंडीतला हमाल आणि वावरातला जागल्या यांच्याशी बोलण्यापासूनच सुरुवात होईल. पशुपक्ष्यांना अभय द्या, असं सांगत फिरलेले गाडगेबाबा याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांचं ऐकणारी माणसं अजून अशाच जागी जास्त भेटतात, असा माझा अनुभव आहे.

या सगळ्या विचारातून माझ्यावर एक देणं राहिलं आहे. कुत्रा मंडीतून आणताना, हा कुणाच्या ओळखीचा आहे का, हे मी नीट विचारलं नाही. बेवारस या शब्दाने माझं समाधान झालं होतं. आम्ही ठेवलेल्या नावाला तो अजून सावकाश वळतो, पण कुणी नुसतं ‘यू यू’ म्हटलं की ताडकन उठतो. आंबिया बहाराच्या वेळची माणसं आता पांगली आहेत. मृग बहाराचा माल निघेल तेव्हा त्यांतली काही परत येतील. तिथे जाऊन, याला कोण भाकर घालायचं आणि काय नावाने हाक मारायचं, हे मला विचारायचं आहे.