पायाने उघडणारी डिकी

पायाने दार उघडणे हे आमच्या घरात कधी सभ्यपणाचे लक्षण मानले गेले नाही. दोन्ही हातांत ताटे आहेत म्हणून स्वयंपाकघराचे दार पायाने लोटणाऱ्या पोरींना आमच्या आजीने काय काय ऐकवले, ते इथे न लिहिलेलेच बरे. आणि आता मोटारीच्या मागे उभे राहून तिला नुसती लाथ दाखवावी, की ती आपण होऊन डिकी उघडते, असे दिवस आले आहेत! ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आम्ही परभणीकर छाती पुढे काढून सांगत असतो. तेव्हा हे नवल आमच्या जिल्ह्यात आल्यावाचून राहणार नव्हतेच.

आले ते माझ्या थोरल्या भावाच्या दारात. दादा गंगाखेडजवळच्या आमच्या गावी शेती करतात. बावीस वर्षांपूर्वी सोयाबीनच्या मळणीयंत्राने त्यांचा उजवा हात कोपरापासून नेला. त्यानंतर डाव्या हाताने त्यांनी जे जे केले ते पाहून दोन हातांच्या माणसाने खाली मान घालावी. या जगात त्यांना एकच गोष्ट खपत नाही : न विचारता कोणी त्यांच्या हातातली पिशवी काढून घेणे. बाजारात मोटारीशी आले, की डिकी उघडायला पिशवी चिखलात टेकवायची, नाहीतर कोणाची तरी दया पत्करायची. पुण्याच्या थोरल्या पुतण्याने ही गाडी का निवडली, हे त्याने कोणाला सांगितले नाही. दादांनीही विचारले नाही.

पण डिकी उघडेना!

दसऱ्याला झेंडूची माळ घालून झाली आणि दादा मागे जाऊन पाय हलवू लागले. गाडी ढिम्म. वहिनी कळवळून म्हणाल्या, “आत्ताच पूजा केली न् लगेच लाथा? लक्ष्मी आहे ती!” दादांनी आणखी चार वेळा पाय मारला आणि मग काही न बोलता पिशवी खाली ठेवली. ते खाली ठेवणे मला बरे वाटले नाही. शहरातल्या दुरुस्तीवाल्यांकडे दोनदा गाडी नेली. तिथल्या मुलाने संगणक जोडून पाहिला आणि “सगळं ओके आहे,” म्हणून सांगितले. डॉक्टरांनी नाडी ठीक म्हणावी आणि रोग्याने कण्हत राहावे, तसला प्रकार.

शेवटी मी गाडीबरोबर आलेले पुस्तक घेऊन बसलो. मौज वाटली. मागच्या प्लॅस्टिकच्या बंपरआड दोन तारा असतात, एक वर आणि एक खाली. माणसाचे शरीर खारट पाण्याने भरलेले, म्हणजे वीजवाहक. ते जवळ आले की तारेभोवतीच्या विद्युतक्षेत्रात बारीकसा फरक पडतो. लेव्ह तेर्मेन या रशियन शास्त्रज्ञाने 1920च्या सुमारास याच तत्त्वावर एक वाद्य केले होते. त्याला हात न लावता, हवेत नुसती बोटे हलवून ते वाजवीत. त्या वाद्याची ही दूरची नात म्हणायची! अमेरिकेत फोर्डने 2012 साली आपल्या एका गाडीला अशी डिकी बसवली. वरच्या तारेला नडगी जाणवली पाहिजे आणि खालच्या तारेला पाऊल, तेही सेकंदाभरात. म्हणून नुसते कुत्रे खालून गेले तर दार उघडू नये. शिवाय किल्ली जवळ हवी. नाहीतर वाटेल त्या चोराने पाय हलवावा!

आता आमची गाडी. पहिली गोष्ट, पुढच्या पडद्यावर ही सोय मुळात बंद करून ठेवलेली होती. दुसरी, दादांची किल्ली सवयीने खुंटीवर. तिसरी आमच्या काळ्या मातीची. ही माती एकदा धरली की सोडत नाही. माणसाला सोडत नाही, तिथे बंपरची काय कथा! ओल्या चिखलाचा जाड थर त्या तारांना चकवतो. बंपर धुतला, सोय चालू केली, किल्ली दादांच्या बंडीच्या खिशात घातली. तरी उघडेना.

कारण दादांचा पाय. ते कुत्रे हाकलावे तसा आडवा फिरवीत. पाय सरळ आत जायला हवा आणि लगेच मागे यायला हवा. हे मी शब्दांनी सांगून थकलो. वहिनी उंबऱ्यावरून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, माप ओलांडताना मी लावला होता तसा लावा की पाय. हलकेच पुढं, न् मागं.”

दादा थबकले. चाळीस वर्षांपूर्वीचे ते माप त्यांना आठवले असावे; कान किंचित लाल झाले. मग पाऊल पुढे, पाऊल मागे. गाडीने दिवे मिचकावले आणि डिकी सावकाश वर गेली. वहिनींनी पुढे होऊन बंपरला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. त्यांची ती रीत अजून सुटलेली नाही.

दिवाळीच्या बाजाराला आम्ही गंगाखेडला गेलो. दादांच्या डाव्या हातात लाह्या-बत्ताशांची भली थोरली पिशवी, काखेत आकाशकंदील. दुकानातला पोरगा धावत आला, “द्या काका, मी ठेवतो.”

“थांब,” दादा म्हणाले, आणि पाय पुढे केला.

डिकी उघडली. पोरगा दोन पावले मागे सरला, मग गाडीखाली वाकून पाहू लागला. दादांनी पिशवी ठेवली, कंदील ठेवला आणि पुन्हा पाय लावून डिकी मिटली. “आणखी एकदा, काका!” पोरगा म्हणाला. तोवर शेजारचा पणतीवाला आणि दोन बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. घाईत असलेल्या धाकट्या पुतण्याने हॉर्न वाजवला तेव्हा डिकी चौथ्यांदा वर जात होती.