खोकलीचा रस

औषधाचा गुण औषधींत असतो, असें आपण सहज म्हणतों. परंतु तो कोणाच्या शरीरांत उतरतो, यावरही पुष्कळ अवलंबून असतें. आणि घरगुती उपचार करणारांनीं ही गोष्ट विसरतां कामा नये.

युरोप व अमेरिकेंत 'कॅटनिप' नांवाची वनस्पति प्रसिद्ध आहे. ती तुळशीच्याच कुळांतील. तिचा वास येतांच मांजरें तिच्यावर लोळूं लागतात, गाल घांसतात, लाळ गाळतात, आणि थोड्याच वेळांत जणूं कांहीं झालेंच नाहीं अशीं निघून जातात. मात्र सुमारें एकतृतीयांश मांजरांवर तिचा असा परिणाम दिसत नाहीं. हा भेद जन्मतःच असतो. हा चमत्कार करणारें नेपेटॅलॅक्टोन हें द्रव्य अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९४१ सालीं वेगळें काढलें. मनुष्यास मात्र तिनें उन्माद येत नाहीं. उलट पोट दुखून रडणाऱ्या तान्ह्या मुलांस, तापांत घाम सुटावा म्हणून, आणि रात्रीं स्वस्थ झोंप लागावी म्हणून तिच्या पानांचा फांट देण्याची तिकडील आजीबाईंची वहिवाट. १८४२ ते १८८२ पर्यंत ती अमेरिकन फार्माकोपियांतही होती. आधुनिक परीक्षणाचा भक्कम आधार मात्र या उपयोगांस अद्यापि मिळालेला नाहीं.

आपल्याकडे मांजरांस अशीच भुरळ घालणारी वनस्पति म्हणजे खोकली. ही एरंडाच्या कुळांतील. पावसाळ्यांत परसांत, उकिरड्याच्या कडेस आपोआप उगवते. पानांच्या बगलेंतून हिरव्या मंजऱ्या निघतात. मूळ उपटलें कीं मांजरें त्याभोंवतीं घोटाळूं लागतात. तमिळ लोक तिला 'कुप्पैमेनी' म्हणतात. 'कुप्पै' म्हणजे केरकचरा. लिनियसनें १७५३ सालीं तिला शास्त्रीय नांव दिलें. आपलें मराठी नांव तर तिचा उपयोगच सांगतें. पानांच्या रसानें कफ सुटतो. मात्रा वाढली तर वांति होते. पाला मिठाबरोबर वाटून खरजेवर लावण्याचीही चाल आहे.

आमच्या थोरल्या वहिनींनीं घरांतील दोन पिढ्यांच्या मुलांस हा रस थेंब मोजून दिलेला. गेल्या पावसाळ्यांत माझ्या दहा महिन्यांच्या नातवास खोकला झाला, तेव्हां त्या वाटी घेऊन आल्या. आणि सुनेनें नम्रपणें, पण ठामपणें, नको म्हटलें. जन्मतः त्यास कावीळ झाली होती. त्या वेळीं रक्ताच्या तपासणींत जी-६-पीडी नांवाच्या द्रव्याची उणीव आढळली होती. हें न्यून बहुधा मातेकडून मुलग्याकडे येतें. अशा मुलाच्या तांबड्या रक्तपेशी कांहीं पदार्थांच्या योगानें एकाएकीं फुटूं लागतात. डांबरगोळ्या व हिंवतापावरील कांहीं औषधें जपून टाळावीं, असें डॉक्टरांनीं बजावलें होतें.

वहिनींस तो नकार लागला. "भाऊजी, माझ्या हातून आजवर कोणाचें वाईट झालें का?" असें त्यांनीं मला विचारलें. झालें नव्हतेंच. परंतु श्रीलंकेंत, जेथें खोकलीचा पाला खाण्यांत येतो, तेथें हीच उणीव असलेल्या रोग्यांच्या रक्तपेशी तिनें फुटल्याचीं उदाहरणें वैद्यकीय नियतकालिकांत नमूद आहेत. तीं मीं त्यांस वाचून दाखविलीं. थोडा वेळ स्तब्ध राहून त्यांनीं विचारलें, "मग असें मूल ओळखावें कसें?" मुलाच्या चेहऱ्यावरून तें कळत नाहीं, रक्त तपासल्यावांचून दुसरा मार्ग नाहीं, इतकेंच मीं सांगूं शकलों. त्यांनीं वाटी बाजूस ठेविली व सुनेस म्हणाल्या, "डॉक्टरांस बोलाव."

रोग्याची प्रकृति, वय व बल पाहून औषध योजावें, हें आयुर्वेदाचेंच सांगणें. नाडी व जिव्हा पाहणाऱ्या वैद्यास जें दिसत नव्हतें, तें आज रक्ताच्या थेंबांत दिसतें. तेव्हां ही तपासणी त्या जुन्या उपदेशाचीच पुढची पायरी होय. यास्तव परसांतील खोकली उपटून टाकण्याचें कारण नाहीं. परंतु तिचा रस लहान मुलाच्या मुखांत वैद्यास किंवा डॉक्टरास विचारल्यावांचून घालूं नये. घरांतील मोठ्या मंडळींस पाल्याची ओळख असते, तरुण मंडळींस रक्ताचा अहवाल वाचतां येतो. एकत्र कुटुंबांत हीं दोन्हीं ज्ञानें एकाच छपराखालीं असतात. त्यांची गांठ पडली म्हणजे मूल सुखरूप राहतें.