कसं केलंस, सांग बरं

४०२ मधून १७८ वजा करायला सांगितले आणि वहीत उत्तर आले ३७६. फुली मारून पुढे जाता येते. पण जरा निरखून पाहावे. २ मधून ८ जात नाहीत, म्हणून ८ मधून २ काढले. शून्यातून ७ जात नाहीत, म्हणून ७ तसेच लिहिले. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान. हा निष्काळजीपणा नव्हे. मुलाने एक नियम धरला आणि शेवटपर्यंत इमानाने पाळला. तो नियम हलला नाही, तर हातच्याच्या आणखी पानभर वजाबाक्या घालून तोच पक्का होतो.

म्हणून आधी विचारायचे, ‘कसं केलंस, सांग बरं.’ आणि बरोबर उत्तरालाही विचारायचे. नाहीतर सरांनी विचारले म्हणजे चुकले, हे पोरे लगेच ताडतात आणि खोडरबर काढतात.

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांची मुले कोप्यांवरून वर्गात येतात, तीही वर्षाच्या मध्येच. त्यांतल्या एकीने हेच गणित तोंडी सोडवले: १७८ चे २०० करायला २२, तिथून ४०२ ला २०२, झाले २२४. उभी मांडणी तिला येत नव्हती. तिची रीत फळ्यावर रेघ ओढून सगळ्यांना दाखवली, उड्यांसकट. मग ३७६ वाल्याने आपले उत्तर आपणच खोडले.

क्षेत्रफळाला तर इथे गुंठ्यासारखे साधन नाही. ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर, हे घरोघरी माहीत. मैदानावर फक्कीने एक गुंठा आखला आणि विचारले, अर्धा गुंठा केवढा? बहुतेकांनी दोन्ही बाजू निम्म्या केल्या, साडेसोळा बाय साडेसोळा. मी काहीच बोललो नाही. आखून झाल्यावर दिसले, की तसे चार चौकोन आत बसतात. खरी रंगत त्यापुढची. ‘मग एकच बाजू अर्धी करायची!’ एक जण ओरडला. दुसरीने दोरी उचलून थेट कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणली. ‘हाही अर्धाच की, सर.’

त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचा धडा अजून यायचा होता. दुसऱ्या दिवशी पुस्तकातली मधली पाने सोडून आम्ही तोच उघडला.