व्यभिचारी भाव

पुणे

चि. सई हिस मावशीचे अनेक आशीर्वाद.

नाचाच्या वर्गात ‘व्यभिचारी भाव’ ऐकून तू चपापलीस, असं तुझी आई म्हणाली. साहजिक आहे. आपल्या घरांत हा शब्द दबक्या आवाजातच ऐकू येतो. पण तो मुळातला बदनाम नाही गं. ‘चर्’ म्हणजे फिरणं. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ स्थायी भाव सांगितले आणि तेहेतीस व्यभिचारी. विविध परींनी रसाकडे जातात, म्हणून व्यभिचारी. त्यांनाच संचारीही म्हणतात. नायिका वाट बघत असते. उशीर झाला की चिंता, मग शंका, सवतीचा विचार आला की असूया, आणि दाराशी चाहूल लागताच हर्ष. हे सगळे येतात नि जातात. रती हा स्थायी भाव मात्र ठाण मांडून असतो. अभिनयाचं खरं काम या येण्याजाण्यात आहे.

नैयायिकांचा, म्हणजे तर्कशास्त्र्यांचा, व्यभिचार वेगळा. अग्नी दिसला म्हणून तिथे धूर असेलच, असं म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. हेतू (अग्नी) असून साध्य (धूर) नाही, हा व्यभिचार. आणि गीतेच्या तेराव्या अध्यायातली ‘अव्यभिचारिणी’ भक्ती म्हणजे इकडेतिकडे न भटकणारी.

कायद्यात मात्र तो फक्त लग्नाला चिकटला, तोही एकतर्फी. १८६० च्या दंड संहितेतलं कलम ४९७ परपुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद सांगायचं, बाईला काहीच नाही. वरवर दया वाटते. पण नवऱ्याची संमती असेल तर तो गुन्हाच नव्हता! म्हणजे बायको ही त्याची मालमत्ता. १९८५ मध्ये न्या. यशवंत चंद्रचूड यांनी हे कलम वैध ठरवलं. २७ सप्टेंबर २०१८ ला घटनापीठाने ते रद्द केलं, तेव्हा त्या पीठावर त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. घटस्फोटासाठी व्यभिचार हे कारण आजही चालतं, आणि चालावं. फसवणूक ती फसवणूकच.

मला चीड येते ती आपल्या बोलण्याची. बाईचं ‘पाऊल वाकडं पडतं’, पुरुषाचं नुसतं ‘बाहेर काहीतरी असतं’. तो रंगेल, ती बदफैली. कलम गेलं, हे अजून गेलेलं नाही. तुझ्या तोंडी तरी हा भेद येऊ देऊ नकोस.

असूया दाखवताना तुमच्या गुरू नजर कशी ठेवायला सांगतात, ते सविस्तर कळव.

तुझी,
मावशी