ट्रेलरमधील दिवा

चेंबूरच्या आमच्या आवारात एक बंद ट्रेलर कैक वर्षे गंजत पडला होता. आदिवासी पाड्यांवरील आरोग्यशिबिरांत परिचारिकांना रात्रीचा मुक्काम करता यावा, म्हणून त्यात वीज घेण्याचे आम्ही मनावर घेतले. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, वायरिंग नव्हे. तरीही १०० अँपिअर-तासांची बॅटरी व इन्व्हर्टर आणून आम्हीच तारा जोडल्या.

पहिल्या रात्री आत एक तरुण स्वयंसेवक झोपला. पहाटे जळका वास सुटला. तार बारीक, आणि बॅटरीपाशी फ्यूज नाही! पोरगा खोकत बाहेर आला. त्याच्या आईला तोंड दाखविण्याचा धीर आम्हांला आठवडाभर झाला नाही.

मग एका वृद्ध वायरमनना बोलाविले. उभी हयात त्यांनी स्टुडिओंत दिवे लावण्यात घालविलेली; २०१७ च्या आगीनंतर विकल्या गेलेल्या आर. के. स्टुडिओच्या आठवणी काढीत ते काम करू लागले.

"फादर, बारा व्होल्टला माणूस भीत नाही, तेच वाईट," ते म्हणाले. ३०० वॅटचा भार घरच्या २३० व्होल्टवर दीड अँपिअरही घेत नाही. बारा व्होल्टवर तोच पंचवीस घेतो. तार तापणारच.

इन्व्हर्टर त्यांनी काढूनच टाकला. जाड तार, बॅटरीलगत फ्यूज, वीस वॅटचा पंखा, पाच-पाच वॅटचे दोन दिवे. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून बॅटरी बाहेरच्या जाळीदार पेटीत. शिसे-आम्लाच्या बॅटरीतील निम्मीच वीज वापरायची. तरी रात्र सहज निघते.

पहिल्या मुक्कामाला आम्हीही गेलो. परिचारिका निवांत झोपल्या. आम्ही मात्र पहाटेपर्यंत दारात बसून तारेला हात लावून पाहत होतो.